घरचा ब्रेकर सारखा पडतोय? गोव्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळ्या वायरमनांना एकच तक्रार ऐकायला मिळते: ब्रेकर वर केला की परत पडतो. त्यावर लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. वाचण्याआधी एक विनंती. ब्रेकर पडला की हात लगेच खटक्याकडे नेऊ नका. कोणता पडला, किती वेळानं पडला आणि त्या क्षणी घरात काय चालू होतं, एवढं आधी बघा. दोष शोधायची सुरुवात इथूनच होते, आणि वायरमनला बोलावलंत तरी तो पहिल्यांदा हेच विचारणार आहे.

बोर्डात सात-आठ खटके आहेत. त्यातला कुठला काय करतो?

अरुंद, एका बोटाएवढे खटके म्हणजे एमसीबी. त्यावर सी१६, बी१० असं काहीतरी छापलेलं असतं. त्यातला आकडा अँपिअरचा. वायरमधून जास्त करंट जायला लागला किंवा शॉर्ट झाला की हा पडतो.

दुप्पट रुंद (थ्री फेज असेल तर चौपट रुंद) आणि 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं छोटं बटण असलेला तो आरसीसीबी. त्यावर बहुतेक ३० मिलिअँपिअर असं लिहिलेलं असतं. तो हिशेबनिसाचं काम करतो: फेजमधून जेवढा करंट घरात गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, हे तो सतत पडताळतो. फरक पडला म्हणजे करंट ओल्या भिंतीतून, यंत्राच्या पत्र्यातून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत चालला आहे, आणि तो क्षणात सप्लाय तोडतो.

लोक दोघांनाही 'ब्रेकर'च म्हणतात, पण एमसीबी पडला तर शोध एका दिशेनं घ्यायचा आणि आरसीसीबी पडला तर पूर्ण वेगळ्या दिशेनं. काही घरांत दोन्ही कामं करणारा आरसीबीओ असतो. तिथे कशामुळे पडला हे अनुमानानं ठरवावं लागतं.

खटका वर ढकलला तरी राहत नाही, मध्येच लोंबतो.

पडलेला एमसीबी पुष्कळदा अर्ध्यावर थांबतो. आधी तो पूर्ण खाली दाबा, मग वर करा. ओव्हरलोडमुळे पडला असेल तर आतली पट्टी तापलेली असते, तिला थंड व्हायला काही मिनिटं द्या. बोटानं खटका वर धरून ठेवण्यात अर्थ नाही. आतली रचनाच अशी असते की खटका धरलेला असला तरी संपर्क तुटतो.

किती वेळा वर करून बघायचा?

एकदा. त्या सर्किटवरची सगळी उपकरणं बंद करून, प्लग काढून. तरीही लगेच पडला तर पुन्हा हात लावू नका. शॉर्ट झालेल्या वायरवर परत परत सप्लाय देणं म्हणजे प्रत्येक वेळी तिथे शेकडो अँपिअरचा झटका देणं. वायरचं आवरण जळतं आणि ब्रेकरही आतून झिजतो.

काही वेळा क्षणात पडतो, काही वेळा अर्ध्या तासानं. फरक काय?

फार मोठा फरक आहे, आणि घरबसल्या ओळखता येण्यासारखा.

एमसीबीच्या आत दोन वेगळ्या यंत्रणा असतात. एक दोन धातूंची पट्टी. करंट मर्यादेपेक्षा जास्त वेळ जास्त राहिला की ती तापून वाकते आणि खटका सोडते. हे काम सावकाश होतं. दुसरी म्हणजे छोटी कॉइल. करंट एकदम अनेक पटींनी वाढला की तिच्या चुंबकानं खटका क्षणार्धात पडतो. बी प्रकारचा ब्रेकर नेमलेल्या करंटच्या ३ ते ५ पट झटक्याला असा पडतो, सी प्रकारचा ५ ते १० पटीला.

म्हणून वर करताच 'ठक्' करून पडला तर शॉर्टचा संशय घ्या. एखादा पंप, एसी चालू होताना पडला तर मोटरचा सुरुवातीचा झटका. वीस-पंचवीस मिनिटं नीट चालून पडला तर ओव्हरलोड किंवा ढिला स्क्रू.

आणखी एक. १६ चा ब्रेकर १६ ला पडतो असा समज आहे, तो बरोबर नाही. प्रमाणानुसार त्यानं सुमारे १८ अँपिअर तासभर न पडता सोसायला हवेत, आणि सुमारे २३ अँपिअरला तासाच्या आत पडायला हवं. ४१ अँपिअरच्या आसपास गेलं तर एका मिनिटाच्या आत. त्यामुळे "काल एवढंच चालू होतं, तेव्हा नाही पडला" ही तक्रार खरी असूनही ब्रेकर निर्दोष असू शकतो. शिवाय हे आकडे ३० अंश तापमानाचे आहेत. मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीवरच्या बंद पत्र्याच्या पेटीत ब्रेकर थोडा लवकरच पडणार.

सकाळी सगळ्यांच्या आंघोळीच्या वेळेलाच पडतो.

बेरीज करून बघा. उपकरणावरच्या वॉटना २३० नं भागलं की अँपिअर मिळतात. २००० वॉटचा गिझर ८.७ अँपिअर घेतो. २००० वॉटची इंडक्शन शेगडी तेवढेच. दोन्ही एका सर्किटवर म्हणजे १७.४. हे १६ च्या ब्रेकरवर तासभरही चालून जाईल, कुणाला शंकासुद्धा येणार नाही. त्यात कुणी चहासाठी १५०० वॉटची किटली लावली की २४ अँपिअर, आणि थोड्या वेळानं घर शांत. दोष किटलीच्या नावावर जातो, बिचारी साडेसहा अँपिअरच घेत असते.

उपाय साधा: गिझरला स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र ब्रेकर. स्वयंपाकघरातल्या जड उपकरणांना दुसरं सर्किट. तोवर दोन जड वस्तू एका वेळी चालवू नका. कोणते प्लग कोणत्या ब्रेकरवर आहेत हे एकदा एकेक खटका पाडून तपासा आणि बोर्डाच्या दारावर पेननं लिहून ठेवा. हे काम कोणीही करू शकतं आणि त्याचा उपयोग वर्षानुवर्षं होतो.

मग १६ चा काढून ३२ चा बसवला तर कटकटच मिटेल ना?

हे कृपा करून करू नका.

ब्रेकर उपकरणासाठी नसतो, भिंतीतल्या वायरसाठी असतो. दिव्या-पंख्यांना दीड स्क्वेअर एमएमची वायर, तिला ६ किंवा १० चा ब्रेकर. पॉवर प्लगला अडीचची वायर, तिला १६ चा. एसी किंवा मोठ्या गिझरला चारची वायर, तिला २० किंवा फार तर २५ चा. अडीचच्या वायरवर ३२ चा ब्रेकर लावला तर ब्रेकर पडायचा थांबेल हे खरं, पण त्याच्या जागी आता भिंतीच्या आत वायर तापेल. जुन्या घरांत ती वायर लाकडी पट्टीवरून, माडाच्या वाशांना लागून, कौलांखाली गेलेली असते. आग लागली की कळायच्या आत छप्पर पेटतं.

ब्रेकर बदलून मोठा करायचा असेल तर मीटरपासून प्लगपर्यंतची वायरही त्या जाडीची हवी, आणि मंजूर लोडही तेवढा हवा. लोड वाढवायचा असेल तर वीज खात्याकडे रीतसर अर्ज करावा लागतो. हा खर्च टाळण्यासाठी कुणी "ब्रेकर मोठा करून देतो" म्हणाला, तर त्याला नम्रपणे नाही म्हणा.

जोराचा पाऊस आला की आरसीसीबी पडतो. सकाळी ऊन पडलं की आपोआप नीट!

गोव्यातला हा सगळ्यात मोठा प्रश्न, म्हणून थोडं सविस्तर.

आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. चिऱ्याची भिंत पाणी शोषते. गिलावा नसलेली किंवा एका बाजूनं भेगा गेलेली भिंत आठवडाभराच्या पावसानंतर आतून ओलीच असते, आणि तिच्यातल्या पाइपातली जुनी वायर त्या ओलीत पडून राहते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान कुठेही पडू शकतो. एका ओल्या जोडाला तेवढी गळती करायला काहीच कष्ट पडत नाहीत.

बघायच्या जागा मी नेहमी याच क्रमानं घेतो. पहिल्यांदा फाटकावरचा दिवा, कारण त्याच्या तळाशी पाणी साचतं. मग तुळशी वृंदावनाजवळचा दिवा आणि अंगणातून जमिनीखालून नेलेली वायर. मग विहिरीचा पंप आणि त्याचा स्विच. बाल्कांवातले, पडवीतले, पागोळीच्या रेषेत येणारे प्लग. एसीचं बाहेरचं युनिट. टेरेसवरची टाकी आणि तिच्या फ्लोट स्विचची वायर. सगळ्यात शेवटी घरातली भिंत.

बाहेरच्या पेट्यांत पाण्याइतकाच त्रास मुंग्या आणि पालींचा. पावसात मुंग्या कोरडी जागा शोधत जोडपेटीत घर करतात, माती आणून भरतात, ती माती ओलावा धरते. पेटी उघडली की मूठभर माती निघते. पेटीला वायर वरून न घालता खालून घालावी आणि भोकं ग्लँडनं (वायरभोवती घट्ट बसणाऱ्या बुचानं) बंद करावीत. हे पावसाळ्याआधी, मेमध्ये करून घेतलं तर चार महिने सुखाचे जातात. समुद्राजवळच्या घरांत खारी हवा स्क्रू आणि पितळेचे भाग खाते, तिथे बाहेरचे फिटिंग दरवर्षी उघडून बघावेत.

आणि ऊन पडल्यावर आपोआप नीट झालं म्हणून विसरू नका. दोष तिथेच आहे, फक्त वाळला आहे.

कोणत्या सर्किटमुळे आरसीसीबी पडतो, हे घरच्या घरी शोधता येतं का?

बऱ्यापैकी येतं, झाकण न उघडता. पायात कोरडी चप्पल, हात कोरडे.

सगळे एमसीबी खाली करा. आरसीसीबी वर करा. राहिला तर एकेक एमसीबी वर करत जा, मध्ये थोडा वेळ थांबत. ज्याला वर करताच आरसीसीबी पडला, ते सर्किट संशयित. तो एमसीबी खाली ठेवून बाकी घर चालू ठेवा. मग त्या सर्किटवरचे सगळे प्लग काढा, भिंतीतले स्विच बंद करा, आणि पुन्हा करून बघा. आता राहिला तर दोष उपकरणात. एकेक लावून पकडता येतो. तरीही पडला तर दोष वायरिंगमध्ये, आणि इथे तुमचं काम संपतं.

आता यातली खरी गोम. आपल्याकडच्या बहुतेक बोर्डांत एमसीबी एकपदरी असतो, म्हणजे फक्त फेज तोडतो. न्यूट्रल जोडलेलाच राहतो. न्यूट्रल कुठे अर्थला लागला असेल, तर एमसीबी खाली केल्यानं तो दोष बाजूला होत नाही. सगळे एमसीबी खाली असताना आरसीसीबी राहतो, आणि मग कोणतंही सर्किट वर केलं तरी पडतो. "सगळीच सर्किटं खराब आहेत" असं कुणी सांगितलं तर हा मुद्दा त्याला आठवण करून द्या. अशा वेळी वायरमननं न्यूट्रल पट्टीवरून एकेक न्यूट्रल सोडवून मेगरनं (आवरणातून गळती होते का ते मोजणाऱ्या यंत्रानं) तपासायला हवा.

इस्त्री लावली की आरसीसीबी पडतो. इस्त्री शेजारी नेली तर तिथे व्यवस्थित चालते.

वर सांगितलेला न्यूट्रल-अर्थचा दोष बहुधा हाच. इस्त्रीसारखी जड वस्तू लावली की न्यूट्रलमध्ये चार-पाच अँपिअर येतात, त्यातला थोडा भाग ज्या ठिकाणी न्यूट्रल अर्थला लागला आहे तिथून जमिनीत वळतो, आणि हिशेब चुकतो. दोष इस्त्रीच्या प्लगपासून तीन खोल्या लांबही असू शकतो. भिंतीत खिळा ठोकताना, नवा फॅन बसवताना किंवा प्लगच्या पेटीत वायर कोंबताना न्यूट्रल सोलला गेलेला असतो. लोक नवीन इस्त्री घेतात आणि दुसऱ्या दिवशी तीही 'खराब' निघते.

गिझर चालू केला की पडतो.

एमसीबी की आरसीसीबी, ते बघा. आरसीसीबी असेल तर गिझरचा एलिमेंट गेला असण्याची शक्यता फार. बाहेरच्या धातूच्या नळीला बारीक भेग जाते आणि पाण्यातून करंट टाकीच्या पत्र्याला येतो. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांत एलिमेंटवर क्षार साचून हे लवकर होतं. एलिमेंट बदलून मिळतो, पूर्ण गिझर टाकून द्यायची गरज बहुधा नसते. तोपर्यंत त्या गिझरचा स्विच बंद ठेवणं पुरेसं नाही, प्लगच काढा.

मुंबईला असतो. चवथीला घर उघडलं, गिझर लावला आणि सगळं अंधारात. घर बंद असताना काय बिघडलं?

बहुधा ओल. गिझर, इस्त्री, ओव्हन यांच्या एलिमेंटमध्ये तार आणि नळी यांच्यामध्ये एक पांढरी भुकटी भरलेली असते, ती मॅग्नेशियम ऑक्साइडची. वापर नसला की ती हवेतला ओलावा ओढून घेते. सहा महिने बंद असलेला, पूर्णपणे चांगला एलिमेंट त्यामुळे पहिल्या दिवशी गळती दाखवतो. अशा वेळी आरसीसीबी बाजूला करून गिझर 'वाळवून' घ्यायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो घरात माणसं असताना जीवघेणा आहे. एलिमेंट मेगरनं तपासून घ्या. वायरमन तो काढून सुकवू शकतो, नाहीतर बदलतो.

बंद घर उघडताना मेन एकदम चालू करून सगळे खटके वर करू नका. आधी खिडक्या उघडा, बोर्डाभोवती ओलीचे डाग, वाळवीची माती दिसते का ते बघा. मग दिवे, मग पंखे, मग फ्रीज, आणि जड उपकरणं दुसऱ्या दिवशी.

चवथीच्या रोषणाईमुळे ब्रेकर पडतो का?

माळा स्वतः फार करंट घेत नाहीत. त्रास जोडांचा. मखराची माळ, माटोळीजवळचा फोकस, पडवीतली माळ आणि अंगणातली माळ, सगळं एका एक्स्टेन्शनवर, आणि सेलोटेप लावलेले जोड पागोळीखाली. आरसीसीबी पडला तर तो योग्यच पडतोय. बाहेरची माळ पावसात चालेल अशा बनावटीची घ्या, जोड छपराच्या आत ठेवा, आणि माटोळीच्या ओल्या फळा-फांद्यांना वायर बांधू नका. रात्री झोपताना रोषणाई बंद. देवापाशी तेलाची समई असतेच.

वीज गेली की काही होत नाही, आली की पडतो.

वीज येते तेव्हा फ्रीज, एसी, पंप, इन्व्हर्टरचं चार्जिंग आणि घरभर एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर एकाच क्षणी करंट ओढतात. बी प्रकारचा ब्रेकर असेल तर तो तेवढ्यावर पडू शकतो. वीज गेल्यावर जड उपकरणांचे स्विच बंद करायची सवय लावा, आल्यावर चार-पाच मिनिटांनी एकेक चालू करा. फ्रीज-एसीच्या कॉम्प्रेसरलाही तेवढी उसंत लागते.

विहिरीचा पंप चालू करताना पडतो.

एक एचपीचा पंप चालताना साधारण पाच-सहा अँपिअर घेतो, पण सुरू होताना त्याच्या पाच-सात पट. त्यामुळे पंपाला सी प्रकारचाच ब्रेकर हवा. तो असूनही पडत असेल तर कपॅसिटर कमकुवत झाला असेल, किंवा गाळ-पालापाचोळा अडकून इम्पेलर (पाणी ढकलणारं चाक) जाम असेल. कुळागरात लांबवर नेलेली बारीक वायर हेही एक कारण: व्होल्टेज वाटेतच घटतं, मोटर गुरगुरते, वेग घेत नाही आणि करंट चढाच राहतो. संध्याकाळी गावात व्होल्टेज उतरल्यावरच पडत असेल तर पंप पहाटे लावून बघा.

इन्व्हर्टर बसवल्यापासून आरसीसीबी पडायला लागला.

बसवताना इन्व्हर्टरच्या बाजूचा न्यूट्रल आणि मेनचा न्यूट्रल यांची सरमिसळ झाली आहे. करंट आरसीसीबीतून गेला आणि त्याला वळसा घालून परतला, की तो गळती समजतो. ज्यानं बसवला त्यालाच बोलवा आणि इन्व्हर्टरवरच्या सर्किटांचे न्यूट्रल वेगळे करून घ्या. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या सर्किटांना त्यांचा स्वतंत्र आरसीसीबी लावून घेतला तर उत्तम, कारण वीज गेलेली असतानाही शॉक लागू शकतो.

घरात कॉम्प्युटर, वॉशिंग मशिन, इन्व्हर्टर एसी भरपूर आहेत. दोष सापडत नाही, पण महिन्यातून दोनदा आरसीसीबी पडतो.

अशा प्रत्येक उपकरणाच्या फिल्टरमधून किंचित करंट अर्थला जातो. एकेकटा निरुपद्रवी, सगळ्यांचा मिळून दहा-बारा मिलिअँपिअर झाला की आरसीसीबी काठावर येतो. अख्ख्या घराला एकच आरसीसीबी ठेवण्याऐवजी दोन-तीन भाग पाडा. इन्व्हर्टर एसी आणि वॉशिंग मशिनच्या भागाला 'ए' प्रकारचा आरसीसीबी घ्या. स्वस्तातला 'एसी' प्रकार (हे आरसीसीबीच्या प्रकाराचं नाव, खोली थंड करणारा एसी नव्हे) अशा उपकरणांतली गळती नीट ओळखत नाही.

आमचं जुनं घर आहे. वायरमन म्हणाला, आरसीसीबी काढून टाका, या घराला तो चालणार नाही.

जुन्या घरात तो सारखा पडतो, कारण जुन्या घरात गळती असते. रबराचं आवरण चुरा झालेल्या वायरी, ॲल्युमिनियमच्या वायरींचे सैल जोड, किटकॅट फ्यूजच्या काळातला बोर्ड. नेमक्या अशाच घराला आरसीसीबीची गरज सर्वांत जास्त. अंगातून ३० मिलिअँपिअरच्या वर करंट गेला की हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका सुरू होतो, आणि १६ चा एमसीबी त्याच्या पाचशे पट करंटलाही बिनधास्त सोडतो. पूर्ण वायरिंग एकदम परवडत नसेल तर न्हाणी, स्वयंपाकघर आणि बाहेरची सर्किटं आधी नवी करा.

अर्थिंगही बघून घ्या. जांभ्याच्या जमिनीत, विशेषतः एप्रिल-मेमध्ये ती सुकल्यावर, अर्थिंग कमजोर पडतं. खड्ड्यात पाणी घालणं, मीठ-कोळसा पुन्हा भरणं ही वर्षाची कामं आहेत. नळाच्या पाइपाला अर्थ जोडण्याची जुनी पद्धत सोडून द्या. आता मध्ये प्लास्टिकचे पाइप आलेले असतात.

नळाला हात लावला की चिमटा येतो, पण ब्रेकर पडत नाही.

मेन बंद करा. आत्ताच. घरातल्या सगळ्यांना न्हाणीत जायला मनाई करा आणि वायरमनला बोलवा. ब्रेकर पडत नाही ही इथे वाईट बातमी आहे. आरसीसीबी नाही, किंवा आहे पण बिघडला आहे, किंवा गळती अजून त्याच्या मर्यादेखाली आहे, आणि अर्थिंगही बहुधा तुटलेलं आहे.

बोर्डातून चर्रर्र आवाज येतो, ब्रेकर हाताला गरम लागतो.

स्क्रू ढिला आहे. ढिल्या जोडावर ठिणग्या उडतात, तिथली उष्णता ब्रेकरला लागून तो कमी करंटलाही पडतो. प्लास्टिक पिवळं-काळं पडलं असेल किंवा जळका वास येत असेल तर मेन बंद करा, बोर्ड कुणाला उघडू देऊ नका आणि वायरमन येईपर्यंत तसंच ठेवा. धूर दिसला तर बाहेर पडा, १०१ ला फोन करा. पाणी मारू नका.

वायरमन की वीज खातं, कुणाला फोन करायचा?

मीटरच्या पुढची, घराकडची बाजू आपली. मीटर, त्याचं सील आणि खांबावरून येणारी वायर वीज खात्याची, त्यांचा तक्रारीचा क्रमांक १९१२. खांबावर ठिणग्या, माडाची झावळी तारेवर, सर्व्हिस वायर लोंबकळणं हे सगळं १९१२ ला.

एक लक्षण मात्र ओळखून ठेवा. काही दिवे एकदम प्रखर आणि काही मंद, पंखा भरधाव, टीव्ही बंद: बाहेरचा न्यूट्रल तुटला आहे. थ्री फेजवर अशा वेळी काही प्लगांना २३० ऐवजी चारशेच्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं. मेन ताबडतोब खाली आणि मग फोन.

विजा चमकताना ब्रेकर पडतो.

जवळपास वीज पडली की लाइनवर लाट येते, त्यात आरसीसीबी पडू शकतो. एकदा वर करून राहिला तर दोष नाही. मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात टीव्ही, राउटर, इन्व्हर्टरचे प्लग काढून ठेवा. बोर्डात सर्ज प्रोटेक्टर लावता येतो, पण अर्थिंग चांगलं असेल तरच तो कामाचा.

ब्रेकरच खराब असेल तर?

असतो, पण क्वचित, आणि हे निदान सगळ्यात शेवटी करायचं. वायरमननं ब्रेकरमधून घराकडे जाणारी वायर काढल्यावरही तो पडत असेल, खटका लुळा लागत असेल, किंवा अंगावर जळल्याचा डाग असेल तर बदला. नवा घेताना तोच अँपिअर, तोच बी किंवा सी प्रकार, आणि आयएसआय चिन्ह. चिन्हाखालचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' या ॲपवर तपासता येतो. नकली ब्रेकर बाजारात असतात. ते पडत नाहीत म्हणून लोकांना आवडतात.

आरसीसीबीवरचं टेस्ट बटण दाबून बघितलं, काहीच झालं नाही.

सप्लाय चालू असताना दाबलं होतं ना? मग तो आरसीसीबी निकामी आहे. दिवे लागतात, पंखे फिरतात, म्हणून तो ठीक दिसतो, पण शॉक लागला तर तो पडणार नाही. वर्षानुवर्षं न हललेली यंत्रणा, विशेषतः किनाऱ्याजवळच्या दमट खाऱ्या हवेत, अडकून बसते. महिन्यातून एकदा बटण दाबायचं ते यासाठीच. दाबल्यावर 'ठक्' करून पडला की वर करा आणि कामाला लागा. पडला नाही तर त्याच दिवशी बदलून घ्या, आणि बदलेपर्यंत गिझर, पंप व वॉशिंग मशिन बंद ठेवा.